प्रयोग संपल्यावर कपडेपटाचं काय होतं?



नाटक बंद झालं की संहिता कपाटात राहते, पदं ध्वनिमुद्रिकांवर राहतात, नटाचं नाव लोकांच्या तोंडी राहतं. कपडे कुठे जातात? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज आपण तो विचारणार आहोत.

तो न विचारण्याची परंपरा जुनी आहे. ॲरिस्टॉटलनं शोकात्मिकेचे सहा घटक सांगितले. त्यांतल्या दृश्याच्या बाजूबद्दल तो म्हणतो की हे काम कवीपेक्षा साज-मुखवटे करणाऱ्या कारागिराचं. आणि पुढे जातो. भरतमुनी यापेक्षा उदार. त्यांनी वेश, अलंकार, रंग यांना ‘आहार्य’ म्हणून अभिनयाच्या चार प्रकारांतच जागा दिली. आपण आज ज्याला ‘नेपथ्य’ म्हणतो, त्या शब्दाचा जुना अर्थही वेशभूषा आणि वेश करण्याची पडद्यामागची जागा असाच आहे. म्हणजे आपल्याकडे कापडाला तत्त्वतः मान होता. तत्त्वतः! व्यवहारात काय झालं, त्याकडे शेवटी येतो.

आधी लंडनला जाऊ. सोळाव्या शतकाची अखेर. रोझ नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो. हा नाटकवाला तर होताच, पण गहाणवटीचा धंदाही करायचा. त्याच्या हिशेबाच्या वहीत आणि कागदपत्रांत कपडे जागोजागी भेटतात. त्या काळी नव्या नाटकाचे लेखकाला साधारण ६ पौंड मिळत. आणि एडवर्ड ॲलेन या नटानं घेतलेला काळ्या मखमलीचा एक झगा, बाह्यांवर सोन्याचांदीचं भरतकाम, त्याची किंमत २० पौंड १० शिलिंग ६ पेन्स. म्हणजे तीन नाटकं एका झग्यात! तेव्हा मंडळीची खरी पुंजी कशात होती, ते बघा.

एवढं उंची कापड नटांकडे यायचं कुठून? १५९९ मध्ये थॉमस प्लाटर नावाचा स्विस प्रवासी लंडनला आला होता. त्यानं लिहून ठेवलंय की सरदार मंडळी मरताना आपले चांगले कपडे नोकरांना देऊन जातात; नोकरांनी ते अंगावर घालणं शोभत नाही, म्हणून ते नटांना स्वस्तात विकतात. म्हणजे रंगभूमीवरचा कपडा तिथे पुष्कळदा दुसरा जन्म घेऊन आलेला असे. आणि तिसरा जन्म? राजवाड्यातल्या करमणुकींचं जे सरकारी खातं होतं, त्याच्या याद्यांमध्ये एक मजेदार शब्द येतो. एका सोंगाचे कपडे उसवून दुसऱ्या सोंगाचे शिवले, तर कारकून लिहितो, ‘ट्रान्सलेट’ केले. भाषांतर! असं भाषांतर होत होत शेवटी कापडात काही उरत नसे.

हेन्स्लोकडे १५९८ मध्ये कपड्यांच्या आणि सामानाच्या याद्या झाल्या. त्यांत तांब्याच्या जरीचा तैमूरलंगाचा कोट आहे, पाचव्या हेन्रीचा मखमली झगा आहे, आणि अदृश्य होण्यासाठी घालायचा एक झगाही आहे. तो पात्रानं घातला की पात्र दिसत नाही, असं प्रेक्षकांनी मानायचं. आज या यादीतलं एकही वस्त्र आपल्यापुढे नाही. इतकंच काय, मूळ यादीचे कागदही हरवले. १७९० मध्ये एडमंड मॅलोन या अभ्यासकानं त्या छापल्या होत्या, म्हणून आपल्याला माहीत. हे लक्षात ठेवा, याकडे पुन्हा यायचंय.

आता याच्या बरोब्बर उलट उदाहरण घेऊ. सर्गेई दियागिलेवची रशियन बॅले मंडळी. २९ मे १९१३ ला पॅरिसमध्ये ‘वसंताचा विधी’ रंगमंचावर आला. संगीत स्ट्राविन्स्कीचं, नृत्यरचना निजिन्स्कीची, कपडे निकोलस रोरिखचे. हेच रोरिख पुढे कुलू खोऱ्यात नग्गरला राहिले. पहिल्याच प्रयोगाला प्रेक्षकांनी गोंधळ घातला, हे सर्वश्रुत आहे. पॅरिस आणि लंडन मिळून मोजून आठ-दहा प्रयोग झाले आणि ते नृत्य बंद पडलं. १९२० मध्ये नवी नृत्यरचना झाली, तेव्हा तेच कपडे पेटीतून बाहेर काढले.

दियागिलेवचा व्यवहार कसा होता तेही सांगतो. १९२१ मध्ये त्यानं लंडनच्या अल्हाम्ब्रा नाट्यगृहात ‘निद्रिस्त राजकन्या’ केलं, बाक्स्टच्या डोळे दिपवणाऱ्या पोशाखांसह. १०५ प्रयोगांनंतर ते आटोपावं लागलं, कर्ज फिटलं नाही, आणि नाट्यगृहाच्या मालकानं देखावे, कपडे सगळं अडकवून ठेवलं. पुढच्या वर्षी पॅरिसला त्याचाच एक अंक दाखवायचा होता. मग १९०९ च्या एका जुन्या बॅलेचे कपडे काढले, काही नवे जोडले, आणि वेळ निभावून नेली. आपल्याकडच्या कोणत्याही मंडळीच्या व्यवस्थापकाला हे अगदी ओळखीचं वाटेल!

१९२९ मध्ये दियागिलेव गेला. कपडे पुढे कर्नल द बाझिलच्या मंडळीकडे आले, तिच्याबरोबर फिरले, आणि अखेर पॅरिसजवळच्या गोदामात पडून राहिले. १९६७ पासून लंडनला त्यांचे लिलाव झाले. १९७३ च्या लिलावात मोठा वाटा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं घेतला. रोरिखचे कितीतरी पोशाख आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. १९८७ मध्ये जॉफ्री बॅलेनं १९१३ चा प्रयोग पुन्हा उभा केला, तेव्हा हे कपडे साक्षीदार म्हणून उपयोगी पडले.

आता माझा मुद्दा. ‘शेहेराझाद’ हे याच मंडळीचं गाजलेलं बॅले. १९१० पासून वर्षानुवर्षं चाललं, त्यामुळे कपडे घामानं, ओढाताणीनं विरत गेले आणि पुन्हा पुन्हा शिवावे लागले. ‘वसंताचा विधी’ पडला, म्हणून त्याचे कपडे टिकले. लोकांनी ज्यावर प्रेम केलं ते वापरून संपलं. ज्याच्याकडे पाठ फिरवली ते पेटीत शाबूत राहिलं. संग्रहालयातल्या काचेआड उभं राहून आपण म्हणतो, हा रंगभूमीचा इतिहास. पण तो इतिहास कमी वापरलेल्या कपड्यांकडे झुकलेला असतो. पुराव्याचा अभाव आणि महत्त्वाचा अभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे शिकवतात, आणि इतिहास वाचताना आपण हमखास विसरतो.

आता आपल्याकडे. संगीत नाटक मंडळ्यांचा कपडेपट हे फिरतं बिऱ्हाड होतं. आज ‘सौभद्र’, उद्या ‘मानापमान’, परवा ‘स्वयंवर’. नाटकं आलटून पालटून चालायची, त्यामुळे ‘प्रयोग बंद झाला, कपडे मोकळे झाले’ असा दिवसच यायचा नाही. बालगंधर्वांचे शालू बघून घरोघरच्या बायका तशी नेसण करू लागल्या. एका नटाच्या वेशानं समाजाची आवड घडवली, इतकं त्या कापडाचं वजन होतं. आणि तीच मंडळी कर्जात बुडाली. जिथे कर्ज तिथे जरीचा भाव येतो, आठवणीचा येत नाही.

आजही नाटक उतरलं की कपडे भाड्यानं देणाऱ्या कपडेपटवाल्याकडे जातात. मग दर गॅदरिंगला तो अंगरखा नव्या मावळ्याच्या अंगावर चढतो. मागे चिमटा, बाहीला टाचणी, की झाला माप. मला यात काही वाईट दिसत नाही. कपडा अंगावर असावा हाच त्याचा धर्म. सगळे अंगरखे काचेआड ठेवा, असं मी म्हणणार नाही. कुठे ठेवणार, आणि कसरीपासून वाचवणार कोण?

पण हेन्स्लोकडची यादी आठवा. कापड गेलं, मूळ कागद गेला. कुणीतरी नक्कल केली म्हणून चारशे वर्षांनी आपण त्या अदृश्य होण्याच्या झग्याबद्दल बोलतोय. आपल्याकडे अजून अशी माणसं आहेत ज्यांना कुठला शेला कुठल्या नाटकातून आला, कुणी शिवला, कितीदा उसवला, हे तोंडपाठ आहे. त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला संस्था लागत नाही, अनुदान लागत नाही. नाटकाचं नाव, पात्राचं नाव, कापड, शिंपी, भाडं, एवढं लिहा. आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.