बंदुकीवरील दुर्बीण आणि यवतमाळचे रान

बंदुकीचा पल्ला वाढला, तेव्हा माणसाची दृष्टी तोकडी पडू लागली. नळीच्या अंगी हजार यार्डांपर्यंत गोळी फेकण्याचे सामर्थ्य आले. परंतु तिच्या टोकावरील इवलीशी माशीच दूरचे लक्ष्य संपूर्ण झाकून टाकी. ह्या अडचणीतून बंदुकीवर दुर्बीण चढली. मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेले कर्नल डेव्हिडसन ह्यांनी तिच्या सुधारणेसाठी पुष्कळ परिश्रम घेतले. त्यांच्या धर्तीची दुर्बीण व्हिटवर्थ बंदुकीस जोडून अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेकडील निवडक नेमबाजांनी तिचा उपयोग केला.

परंतु जितके मोठे दिसेल तितके बरे, असा ह्या निवडीचा सोपा हिशेब नाही. दुर्बिणीच्या पुढील भिंगाचा व्यास तिच्या वाढीच्या पटीने भागला, म्हणजे डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते. चौपट वाढीच्या, ३२ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत ती ८ मिलिमीटर भरते. बारापट वाढीच्या, ३६ मिलिमीटर भिंगाच्या दुर्बिणीत अवघी ३. म्हणून संधिप्रकाशात पहिलीतून सावज स्पष्ट दिसते, तर दुसरीतून ते अंधुक होते. शिवाय वाढ अधिक तसा दृष्टीचा टापू अरुंद, आणि हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढलेला. चांदमारीच्या उघड्या मैदानावर, स्थिर लक्ष्यावर, भर उजेडात मोठी वाढ शोभते. दाट रानात मात्र लहान वाढ व रुंद टापू हेच हिताचे ठरते.

वर्धा आणि पैनगंगा ह्यांच्या दरम्यान पसरलेला यवतमाळ जिल्हा सागवानी रानाचा होय. १९०५ पर्यंत त्याचे नाव वणी जिल्हा असे होते. वऱ्हाड-मध्यप्रांतात मचाणावरून वा हाका घालून होणारी वाघाची शिकार थोड्या अंतरावरचीच असे. तेथे लांब पल्ल्याच्या दुर्बिणीचे प्रयोजन फारसे नव्हते. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने माणसास घातक ठरलेल्या वाघाला मारण्याचा अधिकारही कठोर अटींनी बांधला. पकडणे, बेशुद्ध करणे वा अन्यत्र हलविणे अशक्य झाले, तरच मुख्य वन्यजीव रक्षकाने लेखी अनुमती द्यावी, असा तो नियम.

ह्या नियमाची कसोटी पांढरकवडा-राळेगावच्या परिसरात लागली. २०१६ ते २०१८ ह्या काळात तेथे तेरा माणसांचे बळी गेले. शेतावर जाणे वा गुरे चारणे जिवावरचे झाले. अवनी ह्या नावाने गाजलेल्या वाघिणीविरुद्धच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये नकार दिला, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मारली गेली. मागे तिचे दोन बछडे उरले.

गोळी थोड्या अंतरावरून, वाहनातून, अंधारात झाडलेली होती. पुढे उठलेला वाद नेमाविषयी नव्हता. तिला बेशुद्ध करण्याचा प्रयत्न रीतसर झाला होता काय, गोळी लागली तेव्हा ती अंगावर येत होती की पाठमोरी होती, हे प्रश्न विचारले गेले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही नियमभंगाचे ताशेरे आले. उलटपक्षी, आप्त गमावलेल्या गावांना त्या रात्री हायसे वाटले, हेही तितकेच खरे.

दुर्बिणीचे भिंग प्रकाश, अंतर आणि रान पाहून निवडता येते. गोळी झाडावी की न झाडावी, हा निर्णय मात्र तिच्यामागच्या माणसाने व त्याच्यामागच्या कायद्यानेच घ्यावयाचा असतो. आणि तो चुकल्यास उत्तम नेमही त्याची भरपाई करू शकत नाही.