आकाशाचे वर्ग आणि वैमानिकाची दृष्टी

अमेरिकेत विमानोड्डाण शिकणाऱ्या विद्यार्थ्यास प्रथमच एकट्याने उड्डाण करण्याची अनुमती मिळण्यापूर्वी आकाशाच्या वर्गांची व त्यांस लागू असणाऱ्या नियमांची लेखी परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेसाठी तो काही आकडे मुखोद्गत करतो. दहा हजार फुटांखालील बहुतेक नियंत्रित आकाशात समोरील दृश्यता किमान 3 मैल असावी. विमान ढगांच्या खाली 500 फूट, वर 1000 फूट आणि बाजूस 2000 फूट अंतर राखून असावे. व्हिज्युअल फ्लाइट रूल्स, म्हणजे दृष्टिनिर्भर उड्डाणाचे नियम, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांचा हा गाभा होय. विद्यार्थ्यास हे आकडे मनमानी वाटतात आणि म्हणूनच तो ते विसरतो. वस्तुतः या आकड्यांना इतिहास आहे. वैमानिकाच्या डोळ्यांवर कोठपर्यंत विसंबावे, या एकाच प्रश्नाला वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे त्यांत साठलेली आहेत.

प्रारंभी हा प्रश्न उद्भवलाच नव्हता. 13 ऑक्टोबर 1919 रोजी पॅरिस येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य केले आणि त्याच्या परिशिष्टात वाहतुकीचे नियम घालून दिले. ते बहुतांशी नौकानयनातून उचललेले होते. डाव्या पंखास तांबडा व उजव्या पंखास हिरवा दिवा असावा, समोरासमोर आलेल्या विमानांनी आपापल्या उजवीकडे वळावे, अशा या नियमांमागे एक गृहीत होते : समोरचे विमान दिसतेच. सागरावर जहाजे मंद गतीने जातात, म्हणून तेथे हे गृहीत चालून गेले. आकाशात ते तपासून पाहण्याची गरज त्या वेळी कोणास भासली नाही, कारण विमानेच थोडी होती. अमेरिकेत 1926 च्या एअर कॉमर्स अ‍ॅक्टनंतर जे नियम झाले, त्यांतही दाट वस्तीवर किमान 1000 फूट उंची राखावी यांसारख्या जमिनीच्या रक्षणाच्या तरतुदींनाच प्राधान्य होते.

त्या काळातील परिभाषा याची साक्ष देते. आज ज्यांना ‘व्हिज्युअल’ म्हटले जाते, त्या नियमांना 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘काँटॅक्ट फ्लाइट रूल्स’ म्हणत असत. हा ‘काँटॅक्ट’ म्हणजे संपर्क अन्य विमानाशी नव्हे, भूमीशी होय. खाली लोहमार्ग, नदी, गाव दिसत राहावे म्हणजे वाट चुकणार नाही आणि डोंगरावर आदळण्याचा धोका टळेल, एवढीच त्यामागील अपेक्षा होती. पुढे 1940 नंतरच्या दशकात ‘काँटॅक्ट’ जाऊन ‘व्हिज्युअल’ आले. शब्द बदलला तसा दृष्टीचा विषयही हळूहळू बदलला. जी दृष्टी जमीन पाहण्यासाठी होती, तिच्यावर आता अन्य विमाने पाहून टाळण्याचा भार येऊन पडला. तो पेलण्यास ती समर्थ आहे काय, याची पृच्छा मात्र बराच काळ झाली नाही.

दरम्यान नियंत्रणाची दुसरी परंपरा उभी राहिली होती. डिसेंबर 1935 मध्ये चार विमानकंपन्यांनी एकत्र येऊन न्यूअर्क येथे मार्गनियंत्रणाचे पहिले केंद्र उघडले आणि जुलै 1936 मध्ये ते सरकारने आपल्याकडे घेतले. नकाशा, फळा आणि दूरध्वनी एवढीच तेथील साधने होती. वैमानिकाशी प्रत्यक्ष बोलण्याची सोय नव्हती. या नियंत्रणाची व्याप्ती आखलेल्या हवाईमार्गांपुरती राहिली. मार्ग सोडून सरळ जाणारे विमान अनियंत्रित आकाशात शिरे आणि तेथे पाहणे व टाळणे हाच एक नियम उरे.

या व्यवस्थेची खरी परीक्षा 30 जून 1956 रोजी झाली. ट्रान्स वर्ल्ड कंपनीचे सुपर कॉन्स्टेलेशन आणि युनायटेड कंपनीचे डीसी-7 ही दोन विमाने त्या सकाळी लॉस एंजेलिसहून तीन मिनिटांच्या अंतराने निघाली. पहिले कॅन्सस सिटीकडे, दुसरे शिकागोकडे. पहिल्याने 19,000 फुटांवरून 21,000 वर जाण्याची अनुमती मागितली. युनायटेडचे विमान त्याच उंचीवर असल्याने ती नाकारली गेली. तेव्हा त्याने ‘थाउजंड ऑन टॉप’, म्हणजे ढगांच्या माथ्यापासून किमान हजार फूट वर राहण्याची अनुमती मागितली. ती मिळाली आणि तिच्याबरोबर युनायटेडच्या विमानाची सूचनाही मिळाली. या अनुमतीचा अर्थ असा की, यापुढे अंतर राखण्याची जबाबदारी वैमानिकाची. ढगांचे माथे त्या दिवशी असे होते की, त्यांवर हजार फूट राहणारे विमान पुन्हा 21,000 फुटांवरच आले. नाकारलेली उंची अशा रीतीने नियमानुसारच प्राप्त झाली. पुढे दोन्ही विमानांनी ‘पेंटेड डेझर्ट’ ही रेषा आपण 10 वाजून 31 मिनिटांनी ओलांडू असे कळवले. सॉल्ट लेक सिटीच्या नियंत्रकाजवळ दोन्ही निरोप होते. परंतु ही रेषा दीडशे मैलांहून अधिक लांबीची, आकाश अनियंत्रित, आणि तेथे इशारा देण्याचे कर्तव्य नियमाने त्याच्यावर घातलेलेच नव्हते. साडेदहाच्या सुमारास ग्रँड कॅन्यनवर दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. 128 जणांपैकी कोणीही वाचले नाही.

एप्रिल 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने कारण सांगितले ते इतकेच, की वैमानिकांनी एकमेकांस वेळेत पाहिले नाही. या वाक्याचे मराठी रूपांतर करू पाहणाऱ्यास एक अडचण जाणवेल. ‘पाहिले नाही’ म्हणावे की ‘दिसले नाही’? ‘पाहणे’ या क्रियेत कर्त्याचा प्रयत्न गृहीत आहे, म्हणून ‘पाहिले नाही’ यात दोषाची छटा येते. ‘दिसणे’ हे चतुर्थीतील अनुभवणाऱ्यास घडते, तो ते करीत नाही. मराठीस येथे निवड करणे भाग पडते, इंग्रजीस पडत नाही, आणि त्या मोघमपणातच अहवालाचा निष्कर्ष सामावला आहे. मध्ये आलेले ढग, कक्षाच्या खिडक्यांची मर्यादा, वैमानिकांची इतर कामे, प्रवाशांना दरीचे दृश्य दाखविण्याचा संभाव्य प्रयत्न, मानवी दृष्टीची मर्यादा, अशी अनेक कारणे अहवालाने संभाव्य म्हणून नोंदविली. निवड केली नाही.

नियमाने मात्र ‘पाहणे’ गृहीत धरले होते, आणि तेच गृहीत लंगडे होते. ताशी 300 मैल वेगाची दोन विमाने समोरासमोर आली तर त्यांतील अंतर मिनिटास 10 मैलांनी घटते. तीन मैलांच्या दृश्यतेत हाती अवघी 18 सेकंदे उरतात. दुसरे विमान दृष्टीस पडल्यापासून आपले विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असा हिशेब अमेरिकी वैमानिकांना पुढे अधिकृतपणे शिकविला जाऊ लागला. त्यात भर अशी की, टक्कर होणार असलेले विमान दृष्टिपटावर एकाच जागी स्थिर भासते, आणि डोळा तर हालणाऱ्या वस्तूकडेच आधी वळतो.

ग्रँड कॅन्यननंतर 1958 मध्ये फेडरल एव्हिएशन अ‍ॅक्ट झाला व विमानवाहतुकीचा कारभार स्वतंत्र यंत्रणेकडे गेला. उंचावरील आकाशातून दृष्टिनिर्भर उड्डाण क्रमाने हद्दपार झाले. 1970 पासून मोठ्या विमानतळांभोवती ‘टर्मिनल कंट्रोल एरिया’ आखले जाऊ लागले. तरीही 25 सप्टेंबर 1978 रोजी सॅन दिएगोवर एका प्रवासी विमानाच्या वैमानिकांस पुढील लहान सेस्नाची सूचना मिळाली असता, ते दृष्टीआड झाले आणि टक्कर होऊन 144 जण मृत्यू पावले. 31 ऑगस्ट 1986 रोजी सेरिटॉस येथे एक लहान पायपर विमान अनुमतीवाचून लॉस एंजेलिसच्या अशाच क्षेत्रात शिरले व एका डीसी-9 वर आदळले. 82 बळी गेले. त्याची उंची नियंत्रकास दाखविणारे उपकरण त्याच्यावर नव्हते. यानंतर अशा विमानतळांच्या परिसरात उंची कळविणारे ट्रान्सपाँडर आणि प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रे सक्तीची झाली. डोळ्यांस येथे उघडपणे साहाय्यक नेमले गेले.

अक्षरांचे वर्ग या साऱ्यानंतर आले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानसंघटनेने 1990 मध्ये ए पासून जी पर्यंतचे सात वर्ग स्वीकारले. अमेरिकेने ते 16 सप्टेंबर 1993 पासून अमलात आणले, त्यांतील एफ मात्र वगळला. जुनी नावे लांबलचक होती, पण ती स्थानाचा वा उपयोगाचा बोध करून देत. अक्षरांना स्वतःचा अर्थ नाही. अर्थ आहे तो त्यांच्या क्रमात. ए मध्ये दृष्टिनिर्भर उड्डाणास मज्जाव. बी मध्ये नियंत्रक सर्वांस सर्वांपासून दूर ठेवतो. सी मध्ये उपकरणनिर्भर विमाने दृष्टिनिर्भरांपासून विलग राहतात, पण दृष्टिनिर्भरांना एकमेकांविषयी केवळ माहिती मिळते. डी व ई मध्ये विलगता उपकरणनिर्भरांपुरतीच उरते. जी मध्ये कोणासच नाही. अक्षर जसजसे पुढे जाते, तसतशी जबाबदारी नियंत्रकाकडून वैमानिकाच्या डोळ्यांकडे सरकते.

ढगांपासूनच्या अंतराचे कोडे याच क्रमाने उलगडते. ते अंतर आहे ते ढगातून अकस्मात बाहेर पडणारे विमान दिसण्यास अवकाश मिळावा म्हणून. म्हणूनच अमेरिकेतील नियमांत बी वर्गात 500, 1000, 2000 हे आकडे नाहीत. ‘ढगांबाहेर’ एवढेच पुरते, कारण तेथे विलगता नियंत्रक राखतो. जमिनीलगतच्या जी वर्गातही दिवसा ‘ढगांबाहेर’ आणि एक मैल दृश्यता पुरते, पण ते अगदी उलट कारणाने : तेथे ढगातून अन्य विमान येण्याचा संभवच कमी. एकाच शब्दप्रयोगाखाली दोन विरुद्ध परिस्थिती नांदतात, आणि परीक्षार्थी नेमका येथेच गोंधळतो.

जुन्या ‘काँटॅक्ट’चा एक अवशेष अद्यापि टिकून आहे. परवानाधारक वैमानिक दृष्टिनिर्भर नियमांखाली ढगांच्या थरावरून, जमीन न दिसताही, जाऊ शकतो. विद्यार्थ्यास मात्र ती मोकळीक नाही. त्याचे एकट्याचे उड्डाण भूमी दृष्टीस राहील अशाच स्थितीत व्हावे, असे अमेरिकेचा नियम आजही सांगतो.