द्रुत सूर्यनमस्कारांची पूर्वपीठिका

सूर्यनमस्कार हे हठयोगाचे एक प्राचीन अंग होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नाडी जलद चालावी, घाम फुटावा व दमसास वाढावा या हेतूने द्रुतगतीने घातले जाणारे नमस्कारही याच समजुतीच्या आधारे ‘योग’ म्हणून देशोदेशी शिकविले जातात. ग्रंथांचा पुरावा मात्र निराळा आहे.

‘हठप्रदीपिके’त सूर्यनमस्कार आलेलेच नाहीत. त्या ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात साधकाने जी कर्मे टाळावीत असे म्हटले आहे, त्यांत शरीरास क्लेश देणाऱ्या कर्मांचा समावेश आहे. त्यावर ‘ज्योत्स्ना’ ही टीका लिहिताना एकोणिसाव्या शतकातील ब्रह्मानंदाने उदाहरणादाखल दोन गोष्टी सांगितल्या आहेत: पुष्कळ सूर्यनमस्कार घालणे व जड ओझी वाहणे. टीकाकाराच्या काळी नमस्कार प्रचारात होते, ते मोठ्या संख्येने घातले जात आणि योगसाधकास ते वर्ज्य मानले जात, असा तिहेरी निष्कर्ष या एका उल्लेखावरून काढता येतो. नमस्कारांचे खरे माहेर उपासनेत व तालमीत आहे. त्यांतील हालचालींचे जोर-दंडांशी असलेले साम्य आखाड्यात वावरलेल्या मनुष्यास सांगावे लागत नाही. समर्थ रामदास नित्य बाराशे नमस्कार घालीत, ही सांप्रदायिक आख्यायिकाही बलोपासनेच्याच संदर्भात सांगितली जाते.

या व्यायामास आधुनिक, मोजके व शाळेत शिकविता येईल असे रूप देण्याचे श्रेय मुख्यतः औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे. चित्रकार व कीर्तनकार म्हणून ख्यात असलेल्या या संस्थानिकाने प्रथम सॅण्डोच्या पद्धतीचा व्यायाम केला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते नमस्कारांकडे वळले. सॅण्डोची साधने विकत घ्यावी लागत. नमस्कारास शरीराएवढी जागा पुरे. औंधच्या शाळांत नमस्कार सुरू झाले; इ. स. १९२८ मध्ये बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक निघाले व १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादिलेली आवृत्ती लंडनहून प्रसिद्ध झाली. या साऱ्या प्रचाराचा भर आरोग्यावर होता. बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनीही १९७० च्या आपल्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात सूर्यनमस्काराचा निर्देश प्राचीन भारतीय ‘व्यायाम’ असाच केला आहे. घरच्या माणसाची ही साक्ष दुर्लक्षिण्यासारखी नाही.

याच काळात लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून आसनांचा शरीरशास्त्रीय अभ्यास आरंभिला होता. आसने व स्नायूंचे श्रमप्रधान व्यायाम यांत ते भेद करीत. स्वतः बडोद्याच्या माणिकरावांच्या तालमीत तयार झालेल्या पुरुषाने हा भेद करावा, यास वजन आहे.

म्हैसुरात हा भेद पुसट होऊ लागला. जगन्मोहन राजवाड्यातील योगशाळेत टी. कृष्णम्माचार्य १९३३ पासून शिकवीत. ‘योगमकरंद’ (१९३४) या त्यांच्या ग्रंथात आसने श्वासाशी जोडलेल्या हालचालींच्या क्रमाने सांगितली आहेत. त्या राजवाड्यात सूर्यनमस्कारांचे वर्ग योगवर्गांहून वेगळे चालत, असे संशोधकांनी दाखविले आहे. पुढे त्यांचे शिष्य पट्टाभि जोईस (१९१५–२००९) यांच्या पद्धतीत प्रत्येक दिवसाचा अभ्यास सूर्यनमस्कारांनीच सुरू होऊ लागला. ही पद्धत पाश्चात्त्य शिष्यांनी उचलली आणि १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘पॉवर योगा’ हे नाव रूढ झाले. नावात बळ आले. औंध मात्र विसरले गेले.

द्रुत व विलंबित नमस्कारांच्या परिणामांची तुलना करणारा पुदुच्चेरी येथील एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळकरी मुलांच्या दोन गटांना सहा महिने शिक्षण दिल्यावर असे आढळले की, द्रुत नमस्कारांचे परिणाम दमसासाच्या व्यायामासारखे व विलंबित नमस्कारांचे परिणाम योगाभ्यासासारखे होतात. क्रिया एकच, पण लय बदलताच तिची जात बदलते. ब्रह्मानंदाचा आक्षेप संख्येवर होता, गतीविषयी त्याने काही म्हटलेले नाही. तथापि जे ‘पुष्कळ’ घालावयाचे ते सावकाश घालणे कोणासच परवडत नाही.