नवी नोकरी आणि गरोदरपण : मालकाला कसे कळवावे?

दिव्याहून लोकलने कामावर जाणाऱ्या आपल्या भगिनी विचारतात, नोकरी नवी आहे, रजा मिळेल का? आम्ही सांगतो, हिशेब करा. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्याच मालकाकडे 80 दिवस काम भरले की पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. ईएसआयसीत नाव असल्यास नियम वेगळे, तिथे चौकशी करा. रोजंदारी कामगार महिलांचाही हा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये दिल्ली महापालिकेच्या खटल्यात मान्य केला. तोंडी सांगून थांबू नका. डॉक्टरांच्या दाखल्यासह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू मांडली होती. ही रजा मालकाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे.