रिबेका ब्रायन बून : सरहद्दीवरचे एक घर

डॅनिएल बून हे नाव साहित्याच्या विद्यार्थ्याला बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी आडून भेटते. बायरनच्या 'डॉन जुआन'च्या आठव्या सर्गात तो निसर्गपुत्र म्हणून येतो. जेम्स फेनिमोर कूपरच्या 'द लास्ट ऑफ द मोहिकन्स' (१८२६) या कादंबरीतील मुलींच्या अपहरणामागे बूनच्या मुलीची हकिकत आहे. या साऱ्याच्या मुळाशी जॉन फिल्सन या शिक्षकाचे केंटकीवरचे १७८४ सालचे पुस्तक आहे. त्याच्या परिशिष्टात बूनचे 'आत्मकथन' छापले आहे. प्रथमपुरुषी निवेदन बूनचे असले तरी भाषा सर्वस्वी फिल्सनची, अलंकारांनी ओथंबलेली. पात्राच्या तोंडी बखरकाराची भाषा ऐकण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. मात्र या निवेदनात बूनच्या पत्नीचा उल्लेख 'माझी पत्नी' या शब्दांपलीकडे फारसा जात नाही. ती रिबेका ब्रायन.

बूनचा जन्म १७३४ साली पेनसिल्व्हेनियातील एका क्वेकर कुटुंबात झाला. भावंडांनी पंथाबाहेर विवाह केल्यामुळे पंथाशी वितुष्ट आले आणि कुटुंब १७५०च्या सुमारास उत्तर कॅरोलिनातील याडकिन नदीच्या खोऱ्यात आले. तेथेच १७५६ साली डॅनिएल आणि रिबेका यांचा विवाह झाला. त्यांना दहा अपत्ये झाली. शेतीत बूनचे मन कधी रमले नाही. हरणाची कातडी हेच त्याचे रोख पीक. शिकारीसाठी तो महिनोन्महिने घराबाहेर असे. १७६९ साली केंटकीच्या रानात गेला तो दोन वर्षांनी परतला. शॉनींनी त्याला पकडून जमवलेली कातडी काढून घेतल्यामुळे या खटाटोपात हाती फारसे काही लागले नाही. तेवढ्या काळात शेत, गुरे, मुले आणि देणेकरी यांचे जे काही झाले ते रिबेकाने निभावले. वीरकथांत 'तो रानात गेला' हे वाक्य जितक्या सहजतेने येते, तितकी सहजता घरी राहणाऱ्यांच्या वाट्याला आली नसणार.

जेमायमा या मुलीचा जन्म १७६२चा. बून दूर असताना ती झाली आणि तिचा पिता त्याचा भाऊ होता, अशी एक दंतकथा प्रचलित आहे. तिची रूपे इतकी आहेत की खरेखोटे करण्यात अर्थ नाही. लक्षात घेण्याजोगे एवढेच, की सगळ्या रूपांत शेवटी बूनची क्षमाशीलताच वर येते. पत्नीविषयीची कुजबुजही नायकाच्याच खाती जमा होते!

१७७३ साली बूनने काही कुटुंबांसह केंटकीत वस्ती करायचे ठरवले. अ‍ॅपलेशियन पर्वतापलीकडे वसाहत करण्यास ब्रिटिश राजाने १७६३च्या जाहीरनाम्याने मनाई केली होती. शिवाय ही शॉनींची शिकारभूमी, आणि ती देऊन टाकणाऱ्या करारांत त्यांना कोणी विचारले नव्हते. ऑक्टोबरात शॉनी, डेलावेर व चेरोकी यांच्या एका टोळीने मागे राहिलेल्या तुकडीवर हल्ला केला. त्यात थोरला जेम्स हालहाल होऊन मारला गेला. तो सोळा वर्षांचा होता. अ‍ॅडम नावाच्या एका गुलामाने लपून हे पाहिले व नंतर सांगितले. मुलाला गुंडाळण्यासाठी रिबेकाने आपल्या सामानातली तागाची चादर दिली, असे सांगितले जाते.

दोन वर्षांनी, १७७५ साली, बूनने रिचर्ड हेंडरसनच्या कंपनीसाठी वाट आखली. बून्सबरोची लाकडी गढी उभी राहिली आणि रिबेका मुलांसह तेथे आली. १७७६च्या जुलैत जेमायमा आणि कॅलवे घराण्यातील दोन मुलींना नदीवरून पळवून नेण्यात आले. बूनने माग काढत त्यांना सोडवले. कूपरला मिळाली ती एवढी कथा. त्यापुढची त्याच्या उपयोगाची नव्हती. १७७८च्या फेब्रुवारीत मीठ काढायला गेलेला बून शॉनींच्या हाती सापडला. प्रमुख ब्लॅकफिश याने त्याला दत्तक घेऊन 'शेल्टोवी', म्हणजे मोठे कासव, असे नाव दिले. जूनमध्ये तो निसटला आणि सुमारे १६० मैल तुडवून गढीत पोहोचला, तेव्हा घर रिकामे होते. नवरा मेला असे समजून रिबेका मुलांना घेऊन माहेरच्यांकडे परतली होती. विवाहित जेमायमा तेवढी मागे राहिली होती. पुढे गढीला वेढा पडला, तो उठला आणि बूनवरच फितुरीचा खटला चालला. आरोप करणाऱ्यांत त्या दोन मुलींचा बाप रिचर्ड कॅलवे होता. बून निर्दोष सुटला व रिबेकाला आणायला गेला. जोडप्याचे केंटकीत परतणे १७७९च्या शरदात झाले. मधल्या वर्षभरात त्या दोघांत काय बोलणे झाले असेल, याची कोणत्याच कागदाला दखल नाही.

१७८२ साली ब्लू लिक्सच्या लढाईत दुसरा मुलगा इझ्रेल बापाच्या डोळ्यांदेखत पडला. जमिनीचे दावे एकमेकांवर चढलेले असल्याने बूनच्या हातून एकेक तुकडा गेला. १७९८ साली केंटकीने एका काउंटीला त्याचे नाव दिले आणि १७९९ साली तो तेथून उठून स्पॅनिश अमलाखालील मिसुरीत गेला. तेथली जमीनही आधी गेली. १८१४ साली काँग्रेसने ती परत दिली, पण तिचा बराचसा भाग केंटकीतील देणी फेडण्यातच खर्ची पडला. येथे एक गोष्ट सोडून चालणार नाही. स्वातंत्र्याच्या या प्रतीकाच्या मालकीचे गुलाम होते, आणि रिबेकाच्या घरकामात त्यांचे कष्ट मिसळलेले होते. तिला न्याय देताना त्यांना पुन्हा पडद्याआड ढकलणे बरे नव्हे.

रिबेका १८१३ साली वारली, बून १८२० साली. लायमन ड्रेपर हा संग्राहक धाकट्या मुलाकडे, नेथनकडे, माहिती विचारायला गेला तो १८५१ साली. उत्तरे देणाऱ्यांत नेथनची पत्नी ऑलिव्हही होती, आणि बूनच्या घरातल्या राहणीविषयी जे थोडेफार हाती आहे त्यातले बरेच तिने सांगितलेले आहे.