अ ख्रिसमस प्रिन्स

नाताळच्या दिवसांत घडणारा हलकाफुलका राजघराणी प्रेमपट. भाषा इंग्रजी, लांबी ९२ मिनिटे. दिग्दर्शन अॅलेक्स झॅम यांचे, तर पटकथा करेन शेलर आणि नेथन अॅटकिन्स यांची. शेलर यांनी स्वतः पत्रकारिता केलेली आहे आणि नायिकाही पत्रकारच आहे. १७ नोव्हेंबर २०१७ रोजी तो नेटफ्लिक्सवर प्रदर्शित झाला आणि त्या कंपनीच्या नाताळपटांची घडी याच चित्रपटाने बसवली.

अँबर मूर (रोझ मॅकआयव्हर) न्यूयॉर्कमधील एका मासिकात काम करते. इतरांच्या मजकुरावर हात फिरवण्यात तिचे दिवस जात असतात. अल्डोव्हिया या काल्पनिक राज्याचा राजा वारलेला आहे. युवराज रिचर्ड (बेन लॅम्ब) गादीवर बसणार की हक्क सोडणार, हे नाताळापर्यंत ठरायचे आहे. त्याची बातमी आणण्यासाठी तिला तिकडे धाडले जाते. पत्रकार परिषद आयत्या वेळी रद्द होते, अँबर राजवाड्यात शिरते आणि तिथले लोक तिला राजकन्या एमिलीची नवी शिक्षिका समजतात. तीही ते नाकारत नाही. पुढे जंगलातील शिकारखान्यात तिच्या हाती काही कागद लागतात : रिचर्ड दत्तक आहे, आणि अल्डोव्हियाचा कायदा दत्तक मुलाला गादी देत नाही. हे कागद रिचर्डचा चुलतभाऊ सायमन आणि पूर्वीची प्रेयसी सोफिया यांच्या हाती पडतात आणि भर समारंभात गुपित फुटते.

गुंता सुटतो तो एका शोभेच्या वस्तूमुळे. नाताळच्या झाडाला टांगायचे, ओकच्या फळाच्या आकाराचे हे आभूषण दिवंगत राजाने मागे ठेवलेले असते. त्याच्या कवितेतील सूचक उल्लेख अँबरला आठवतो, फळ उघडले जाते आणि दत्तक मुलाला वारस ठरवणारा राजाज्ञेचा कागद त्यातून बाहेर येतो. त्यामुळे हा चित्रपट नुसता प्रेमपट राहत नाही. मूल रक्ताचे नसले तरी आपलेच, हे एका बापाने मरण्यापूर्वी लिहून ठेवले होते, ही त्यातली खरी हृद्य गोष्ट आहे. प्रेमिकांची भेट, गैरसमज आणि समेट ठरलेल्या वळणांनीच जातात. प्रेक्षकांनाही तेच हवे असते. अँबर न्यूयॉर्कला परतते आणि नववर्षाच्या रात्री रिचर्ड तिच्या वडिलांच्या खानावळीत येऊन तिला मागणी घालतो.

पात्रांमध्ये एमिली (ऑनर नीफसी) सर्वांत जिवंत उतरली आहे. तिला पाठीच्या कण्याचा स्पायना बायफिडा हा जन्मजात विकार आहे. पण पटकथा तिला दयेचा विषय करत नाही. शिक्षिका खोटी आहे हे तीच हुडकून काढते आणि गुपित पोटात ठेवते, कारण भावाची खरी बाजू जगापुढे यावी अशी तिची इच्छा असते. राणी हेलेनाच्या भूमिकेत अॅलिस क्रिगी यांनी मोजक्या संवादांत मोठा दरारा उभा केला आहे.

पत्रकार आणि राजघराण्यातील व्यक्ती ही जोडी विल्यम वायलर यांच्या 'रोमन हॉलिडे' (१९५३) पासून प्रेक्षकांच्या ओळखीची आहे. तिथे पत्रकार पुरुष आहे, राजकन्या कर्तव्याकडे परतते आणि दोघांची ताटातूट होते. नाताळपटात ताटातूट चालत नाही. नकाशावर नसलेल्या युरोपीय राज्याची परंपरा त्याहून जुनी, अँथनी होप यांच्या 'द प्रिझनर ऑफ झेंडा' (१८९४) या कादंबरीतल्या रुरिटानियापर्यंत पोहोचणारी आहे.

अल्डोव्हियाचा राजवाडा मात्र खरा आहे. रोमानियात बुचेजी पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या सिनाया गावातील हा पेलेश किल्ला राजा पहिला कॅरोल याने बांधला. पायाभरणी १८७५ मध्ये आणि उद्घाटन १८८३ मध्ये झाले. पुढेही १९१४ पर्यंत बांधकामाची भर पडत राहिली. कोरीव लाकूडकाम आणि रंगीत काचांच्या खिडक्या मुळातच इतक्या श्रीमंत आहेत की हा महाल पडद्यावर नेपथ्यासारखा वाटत नाही. वारसाचा पेच या वास्तूला नवा नव्हता. कॅरोलची एकुलती मुलगी लहानपणीच वारली, मुलगा नव्हता. त्यामुळे गादी पुतण्या फर्डिनांडकडे गेली. चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ५ डिसेंबर २०१७ रोजी, रोमानियाचे अखेरचे राजे मिहाई यांचे निधन झाले. त्यांना १९४७ मध्ये सिंहासन सोडावे लागले होते. त्यांचे पार्थिव अंत्यदर्शनासाठी याच पेलेशमध्ये आणले गेले.

प्रदर्शनानंतर दहाच दिवसांनी ब्रिटनचा राजपुत्र हॅरी आणि अमेरिकी अभिनेत्री मेगन मार्कल यांचा साखरपुडा जाहीर झाला आणि पडद्यावरच्या कथेला ताजा संदर्भ मिळाला. डिसेंबरमध्ये नेटफ्लिक्सने ट्विटरवर ५३ प्रेक्षकांची थट्टा केली : सलग १८ दिवस ते रोज हा चित्रपट पाहत होते. कोण काय पाहतो यावर कंपनीची एवढी बारीक नजर असते, हे त्यातून उघड झाले आणि खासगीपणाविषयी रास्त प्रश्न विचारले गेले. वर्षातले हे दिवस कुणाला एकटेपणाचे जात असतील आणि हाच चित्रपट रोज लावून त्यांना बरे वाटत असेल, तर त्यात हसण्यासारखे काही नव्हते.

'द रॉयल वेडिंग' (२०१८) आणि 'द रॉयल बेबी' (२०१९) हे पुढील दोन भाग जॉन शुल्झ यांनी दिग्दर्शित केले. तिसऱ्यात पेंग्लिया या राज्याशी झालेला ६०० वर्षे जुना तह हरवतो. त्यातले रहस्य जमले आहे, पण पहिल्या भागातील ओकच्या फळाइतके ते मनाला भिडत नाही.