चिखलातला हिवाळा

‘हिवाळ्यातील एक दिवस’ असा निबंध रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या शाळेत लिहायला दिला, तर बहुतेक वह्यांत धुके, शेकोटी आणि गरम कपडे सापडतील. एखाद्या धीट मुलाच्या वहीत बर्फही पडलेला असेल. चित्रांतून आणि भेटकार्डांवरून आपल्या मनात ठसलेला हिवाळा असतो तो हाच: वाटा पांढऱ्या झालेल्या, घरे बंद, माणसे अडकून पडलेली. कोकणातला खरा हिवाळा याच्या अगदी उलट असतो. आंब्याला मोहोर येतो, ओढे उतरतात, डोंगरातल्या पायवाटा कोरड्या आणि टणक होतात. रसाळगड-सुमारगड-महिपतगडाकडे चढायचे, तर आपण हेच महिने निवडतो. म्हणजे जो ऋतू बर्फाच्या देशात वाट बंद करतो, तोच आपल्याकडे वाट उघडतो.

मग बर्फाच्या देशातला एखादा माणूस आपल्या सह्याद्रीत आला, तर तो ‘हिवाळा’ कशाला म्हणेल? हा प्रश्न कल्पनेतला नाही. त्याचे उत्तर साडेपाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले आहे.

अफानासी निकितीन हा रशियातील त्व्हेर या व्होल्गाकाठच्या शहराचा व्यापारी. इ. स. १४७० च्या आगेमागे तो आपल्या मुलुखात आला. व्होल्गेतून खाली येताना अस्त्राखानजवळ त्याला लुटारूंनी नागवले. हात हलवत घरी कसे परतायचे, म्हणून तो पुढेच निघाला. कॉकेशसच्या पायथ्याने दरबंद, बाकू, तेथून इराण आणि होर्मुझ असे करत विकायला एक घोडा घेऊन तो चौलच्या बंदरात उतरला. तेव्हा या प्रदेशावर बहामनी सुलतानांची सत्ता होती. वास्को द गामा कालिकतला पोहोचला तो १४९८ मध्ये, त्याच्याही सुमारे पाव शतक आधीची ही गोष्ट आहे.

चौलहून निकितीन पालीमार्गे घाट चढून जुन्नरला गेला. या प्रवासाला त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. जुन्नरचे त्याने केलेले वर्णन डोंगर चढणाऱ्याने मुद्दाम वाचावे असे आहे. ठाणे खडकावर वसलेले, वर जायला दिवस मोडतो, आणि वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढावा. हे वर्णन बहुधा शिवनेरीचे असावे. याच जुन्नरात त्याला पावसाने गाठले. तो लिहितो, की ईस्टरनंतर पन्नासेक दिवसांनी येणाऱ्या त्रिनिती या ख्रिस्ती सणापासून, म्हणजे साधारण मे-जूनपासून, इथे हिवाळा सुरू झाला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल. आणि नवल म्हणजे या हिवाळ्यात लोक नांगरतात आणि पेरतात! आपण ज्याला पावसाळा म्हणतो त्याला हा हिमप्रदेशातला माणूस हिवाळा म्हणत होता. १५ ऑगस्टच्या सुमारास तो जुन्नर सोडून बीदरला निघाला.

ही त्याची चूक म्हणावी काय? थंडी म्हणजे काय, हे त्व्हेरच्या माणसाला कोणी शिकवायला नको. नंतर आलेले पोर्तुगीजही गोव्याच्या पावसाळ्याला ‘इन्व्हेर्नो’, म्हणजे हिवाळाच म्हणत. तेव्हा एकट्याच्या गैरसमजापेक्षा यामागे काही अधिक असले पाहिजे.

शब्दाचाच माग काढू. हिवाळ्यासाठी रशियन शब्द आहे ‘झिमा’. आपल्या ‘हिम’ आणि ‘हेमंत’ या शब्दांचा तो सख्खा भाऊ. दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. ‘हिवाळा’ही याच घरातला. परंतु निकितीनच्या दृष्टीने त्यातला मुख्य अर्थ गारठ्याचा नव्हता. तो नदीवरचा व्यापारी. त्याचा ‘हिवाळा’ म्हणजे व्होल्गा गोठते, नावा काठाला लागतात, आणि मालासह जिथे असू तिथे मुक्काम ठोकावा लागतो तो काळ. जुन्नरमध्ये थंडी नव्हती, पण मुक्काम तोच होता. हिवाळा म्हणजे वाट बंद असण्याचा काळ, अशी व्याख्या केली तर निकितीनचे वाक्य अगदी बरोबर ठरते.

आता या दोन ‘हिवाळ्यां’त पायाखाली काय घडते ते पाहू. साठ किलो वजनाचा माणूस चालताना क्षणभर सगळा भार एका पावलावर टाकतो. तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे १५० चौरस सेंटिमीटर धरले, तर दर चौरस सेंटिमीटरवर ४०० ग्रॅम भार पडतो. ताजा भुसभुशीत बर्फ हा भार पेलू शकत नाही, कारण त्यात बर्फापेक्षा हवाच जास्त असते. माणूस मांडीपर्यंत रुततो. त्याच पायाखाली १५०० चौरस सेंटिमीटरची जाळीदार चौकट बांधली, तर भार दर चौरस सेंटिमीटरला ४० ग्रॅमवर येतो. बर्फ दबतो, त्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि दबलेला बर्फ आधीपेक्षा मजबूत होतो. मागून येणाऱ्याला तयार वाटच मिळते. हे साधन म्हणजे इंग्रजीतला ‘स्नो-शू’. आपण त्याला हिमपादुका म्हणू.

हिमपादुका फार जुन्या आहेत. आल्प्स पर्वतात इटलीच्या सरहद्दीजवळ, ३,१३४ मीटर उंचीवरच्या हिमनदीत २००३ साली बर्च लाकडाची वाकवलेली एक चौकट सापडली. तिचा काळ इ. स. पूर्व ३८०० ते ३७०० असा ठरला. स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कॉकेशसमधील लोकांविषयी लिहिले आहे, की उन्हाळ्यात डोंगर चढताना ते कच्च्या चामड्याचे, डफासारखे रुंद आणि खाली खिळे असलेले जोडे बांधतात. उतरताना मात्र कातड्यावर बसून ओझ्यासह घसरत येतात. याच कॉकेशसच्या पायथ्याने पुढे निकितीन आला होता. त्या जोड्यांत दोन वेगवेगळ्या अडचणींवर दोन उपाय आहेत, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावे. रुंदी आहे ती रुतू नये म्हणून, आणि खिळे आहेत ते घसरू नये म्हणून.

मग कोकणातल्या चिखलासाठी कोणी अशा पादुका का केल्या नाहीत? भाताच्या खाचरात फळी टाकली तर माणूस तिच्यावर उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक आहे. भार पसरण्याचे तत्त्व तेच. परंतु चिखल आणि बर्फ यांत एक महत्त्वाचा फरक आहे. बर्फ दाबला की त्यातली हवा निघून जाते आणि तो घट्ट होतो. चिकणमाती पाण्याने भरली की कणांमधल्या बारीक फटींत पाणी अडकते. वरून दाब आला तरी ते पाणी चटकन बाहेर पडू शकत नाही. भार मातीच्या कणांऐवजी पाणीच उचलते, आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. पाऊल रुतते, घसरते आणि वर काढताना ओढलेही जाते. रुंद पादुका तर अधिकच चिकटून बसतील. त्यातच घाटाची चढण आणि शेवाळलेला कातळ. इथे मुख्य शत्रू घसरण हाच.

कोकणी माणसाने म्हणून पायात काही बांधण्याऐवजी वाटच बांधून काढली. जांभ्याचे चिरे बसवून केलेली गावोगावची पाखाडी ही आपली हिमपादुका आहे. पाखाडीच्या पायऱ्या चढण तुकड्यातुकड्यांत वाटून देतात, सच्छिद्र आणि खडबडीत जांभा पाय धरून ठेवतो, आणि पावलाखालचा चिखल कायमचा दूर होतो. बर्फ दर वर्षी नवा पडतो आणि चढलेल्या पाखाडीला गाडून टाकतो, म्हणून तिथे साधन ज्याने त्याने आपल्या पायाबरोबर न्यायचे. चिखल दर वर्षी त्याच जागी होतो, म्हणून इथे एकदा केलेले काम पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांच्या पायाखाली येते. पऱ्यावरचा लाकडी साकव हाही त्याच विचारातला.

पण पाखाडी गावापुरती. सगळा सह्याद्री चिऱ्यांनी बांधून काढणे शक्य नव्हते. तेथे तिसरा उपाय होता, थांबण्याचा. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास, आपला चातुर्मास, हे मुळात वाट बंद असण्याच्या काळाचे नियम आहेत. समुद्र उघडे तो नारळी पौर्णिमेला, आणि जमिनीवरच्या वाटा उघडत त्या दसऱ्याला. मराठ्यांच्या स्वाऱ्या सीमोल्लंघनानंतर निघत, त्यामागे मुहूर्ताइतकीच वाळलेली जमीनही होती. निकितीन शेवटी परतला तो आपल्याच दाभोळहून, वाशिष्ठीच्या मुखावरच्या बंदरातून. दाभोळ हे घोड्यांच्या व्यापाराचे फार मोठे बंदर असून तेथून बीदर-गुलबर्ग्याची वाट महिन्याची आहे, अशी नोंद त्याने केली आहे. तो स्वतः त्व्हेरला पोहोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच त्याचा अंत झाला. त्याचे लिखाण मात्र पोहोचले.

थांबणे ज्याला परवडत नाही त्याचे काय होते, याचे उदाहरण याच दाभोळपासून जवळच्या मुरूड गावात आहे. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ चा. सतरा-अठराव्या वर्षी त्यांना सरकारी परीक्षेला बसायचे होते, आणि परीक्षेचे ठिकाण होते साताऱ्यास. धो धो पावसात, डोंगरातल्या बिकट वाटांनी ते सुमारे ११० मैल, म्हणजे पावणेदोनशे किलोमीटर, पायी गेले. वय लहान दिसते, या कारणावरून त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. स्त्रीशिक्षणाचे पुढे केलेले काम आणि १९५८ चे भारतरत्न आपण शिकवतो. त्या परतीच्या वाटेवरचा चिखल मात्र शिकवायचा राहून जातो. निकितीन दोन महिने मुक्काम करू शकला, कारण तो व्यापारी होता. परीक्षेची तारीख कोणासाठी मुक्काम करत नाही.

आज घाटांत डांबरी रस्ते आहेत, म्हणून तो हिवाळा संपला असे समजू नये. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण बुडाले, खेड तालुक्यात पोसरे येथे दरड कोसळून माणसे दगावली, आणि त्याच दिवसांत आंबा घाटाचा रस्ता खचून वाहतूक थांबली. पावलाखाली चिखल सरकतो आणि डोंगराची कड सरकते, यामागचे कारण मुख्यतः एकच: मातीच्या फटींत साठलेले पाणी आणि सुटलेली पकड. फरक आहे तो केवळ आकाराचा.

शिक्षकांना एक सोपा उपक्रम सुचवावासा वाटतो. वर्गातल्या मुलांना घर ते शाळा या वाटेची नोंद जून, ऑक्टोबर आणि जानेवारी अशी तीनदा करायला सांगावी: किती मिनिटे लागली, पाय कोठे रुतला, कोठे घसरला, कोठे पाखाडी किंवा साकव आहे आणि कोठे असायला हवा. शाळेच्या आवारातल्या ओल्या मातीवर एक वीट आधी उभी आणि मग आडवी ठेवून ती किती रुतते तेही मोजावे. दाब म्हणजे काय, हे त्यातून कळेल. त्याबरोबर आणखी एक गोष्ट कळेल. कोणत्या मुलाची वाट कोणत्या महिन्यात बंद होते हे एकदा कागदावर आले, की जूनच्या हजेरीपटावरचे ‘गैरहजर’ हे शेरे आपण वेगळ्या नजरेने वाचू लागतो.